ताण, तान आणि टेन्शन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या भाषाव्यवहारातील एका शब्दकुलाचा विचार

(१) प्रश्नाचे स्वरूप

‘ताण’ हा मराठीतील अगदी साधा, दोन अक्षरी शब्द. दोराला ताण बसतो, डोळ्यांना ताण पडतो, पिकाला पाण्याचा ताण सोसावा लागतो, मनावर ताण येतो आणि दोन गटांतील संबंध ताणले जातात. इतक्या निरनिराळ्या व्यवहारांत हा एकच शब्द सहजपणे वावरतो, त्यामुळे त्याचा अर्थ सर्वांना सारखाच कळतो, असे सुशिक्षितांनी गृहीत धरले तर नवल नाही. तथापि हे गृहीतक नेहमीच टिकत नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशातील एखाद्या खेड्यात आरोग्य-सर्वेक्षणाची प्रश्नावली हाती घेऊन कोणी एखाद्या वृद्धेस “तुम्हाला ताण आहे का?” असे विचारले, तर ती उठून पाण्याचा तांब्या पुढे करील, ही शक्यता केवळ विनोदाची नव्हे. तिच्या बोलीत ‘ण’ हा ध्वनी नाही. तिला ऐकू येणारा शब्द ‘तान’ हा आहे आणि ‘तान’ म्हणजे तहान.

या प्रसंगात विचारणाऱ्याचे चुकले असे वरवर पाहता म्हणता येत नाही, आणि ऐकणारीचे तर मुळीच चुकलेले नाही. दोघांच्या मध्ये एका शब्दाचा दीर्घ इतिहास उभा आहे. तो इतिहास, त्या शब्दाचे शेजारी व नातलग, आणि या प्रदेशात त्याला आलेले विशेष रूप यांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

(२) धातू व त्याचे घराणे

संस्कृत धातुपाठात ‘तनु विस्तारे’ असा धातू आहे. आठव्या गणाला ‘तनादि’ हे नाव त्याच्यावरूनच पडले. विस्तारणे, पसरणे, लांबविणे हा त्याचा मूळ अर्थ. यापासून झालेल्या शब्दांकडे पाहिले असता असे दिसते की, या कुळातील पहिली पिढी विणकराच्या घरात वाढली. ‘तंतु’ म्हणजे धागा. ‘तंत्र’ म्हणजे मुळात माग किंवा मागावरील ताणलेले धागे. व्यवस्था, शास्त्र, पद्धती हे अर्थ मागाहून आले. ‘वितान’ म्हणजे वर पसरलेले छत. ‘संतान’ व ‘संतती’ यांत वंशाचा धागा न तुटता पुढे लांबत जाण्याची कल्पना आहे. ‘तनय’ हाही त्याच घरातला. जे ताणले जाते ते बारीक होते, म्हणून ‘तनु’ म्हणजे सडपातळ. नाट्यशास्त्रात वाद्यांचे जे चार वर्ग केले आहेत, त्यांपैकी तारांच्या वाद्यांना ‘तत’ म्हणजे ताणलेली असे नाव आहे.

हे घराणे भारतापुरते मर्यादित नाही. लॅटिनमधील ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे, ग्रीकमधील ‘तोनोस’ म्हणजे ताणलेली तार व तिचा स्वर, इंग्रजीतील ‘थिन’ म्हणजे पातळ, ही सर्व याच मुळाची फळे होत. इंग्रजीतील ‘टेन्शन’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंच मार्गाने सोळाव्या शतकात त्या भाषेत आला. म्हणजे मराठी माणूस आज ज्याला परका समजून वापरतो तो ‘टेन्शन’ शब्द आणि त्याचा घरचा ‘ताण’ हे सगोत्र आहेत. एकाच मुळापासून हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन शाखा मराठी बोलणाऱ्याच्या जिभेवर पुन्हा एकत्र आल्या आहेत.

संस्कृत ‘तान’ प्राकृतातून मराठीत येताना त्यातील दोन स्वरांमधील ‘न’चा ‘ण’ झाला. ‘जन’चा ‘जण’ किंवा ‘पानीय’चे ‘पाणी’ झाले, त्याच नियमाने ‘तान’चा ‘ताण’ झाला. संगीतातील ‘तान’ मात्र शास्त्राच्या परंपरेतून मूळ रूपातच आली, म्हणून तिचा ‘न’ कायम राहिला. सारांश, प्रमाण मराठीत ‘ताण’ व ‘तान’ ही एकाच शब्दाची तद्भव व तत्सम अशी जोडी आहे.

(३) मराठीतील ‘ताण’चा संसार

मराठीने या शब्दाला पुष्कळ कामे दिली. मागावरील उभ्या धाग्यांना ‘ताणा’ व आडव्यांना ‘बाणा’ म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसरात ऐन व अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या पोसून कोसा मिळविण्याचा जुना व्यवसाय आहे. त्या सुताच्या विणकामात ‘ताणा’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाने जिवंत आहे. ताणा ढिला राहिला तर कापड चोळामोळा होते आणि अधिक ताणला तर धागा तुटतो. ‘फार ताणले की तुटते’ या व्यवहारातील म्हणण्यामागे हाच अनुभव आहे.

याखेरीज ‘गोष्ट ताणणे’, ‘भाव ताणून धरणे’, ‘भुवया ताणणे’, ‘ओढाताण होणे’, ‘वरताण करणे’ असे अनेक प्रयोग रूढ आहेत. त्यांपैकी दोहोंकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पहिला प्रयोग ‘ताण करणे’ म्हणजे दुसऱ्यावर मात करणे. ‘धाकट्याने थोरल्यावरही ताण केली’ या वाक्यात ‘ताण’ स्त्रीलिंगी आहे, तर ‘मनावर ताण पडला’ या वाक्यात तो पुल्लिंगी आहे. एकच शब्द अर्थाप्रमाणे लिंग बदलतो, हे येथे स्पष्ट दिसते. दुसरा प्रयोग ‘ताणून देणे’. त्याचा अर्थ निश्चिंतपणे हातपाय पसरून झोपणे. ज्याच्या मनावर ताण आहे त्याला ताणून देता येत नाही. यावरून शब्दाचा अर्थ मुळापेक्षा त्याच्या सोबत्यांवर, विशेषतः त्याच्या क्रियापदावर किती अवलंबून असतो, हे ध्यानात येईल. या मुद्द्याचा पुढे उपयोग होणार आहे.

(४) दोन शेजारी : ‘तणाव’ व ‘तंग’

‘तणाव’ हा आज ‘ताण’चा जुळा भाऊ वाटतो, परंतु त्याच्या जन्माची कथा थोडी वेगळी आहे. तंबूच्या किंवा राहुटीच्या दोरांना मराठीत ‘तणावे’ म्हणतात. हा शब्द अरबीतून फारसीत व फारसीतून मराठीत आलेल्या ‘तनाब’ या शब्दाचे रूपांतर होय. दुसऱ्या बाजूस ‘जमणे’वरून ‘जमाव’, ‘उठणे’वरून ‘उठाव’, ‘भरणे’वरून ‘भराव’ या धर्तीवर ‘ताणणे’पासून ‘तणाव’ असे नाम सहज साधते, आणि हिंदीत ‘तनाव’ हा शब्द प्रचलित आहेच. तंबूचा दोर ताणलेलाच असतो. त्यामुळे भिन्न कुळांतील हे दोन शब्द रूपाने व अर्थाने एकमेकांत मिसळले असल्यास आश्चर्य नाही.

‘तंग’ हा फारसीतून आला. अरुंद, घट्ट हा त्याचा अर्थ. घोड्याच्या पोटाखालून आवळण्याच्या पट्ट्यालाही ‘तंग’ म्हणतात. पैशाची ‘तंगी’ त्यापासूनच झाली. याचा ‘तन्’ धातूशी संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र ‘वातावरण तंग झाले’ व ‘वातावरणात तणाव निर्माण झाला’ ही वाक्ये वृत्तपत्रांत एकमेकांच्या जागी येतात. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावल्यानंतर गावात पसरलेली अस्वस्थता असो, की निवडणुकीच्या दिवशीचा बंदोबस्त असो, या दोन जिल्ह्यांच्या बातम्यांत ‘तणाव’ हा शब्द वारंवार येतो. येथे तो कोणा एकाच्या मनाचा धर्म नसून समूहाच्या स्थितीचा धर्म आहे. व्यक्तीचा तो ताण व समाजाचा तो तणाव, अशी एक अस्पष्ट विभागणी मराठीत होऊ पाहत आहे. ‘ताणतणाव’ हा जोडशब्द मात्र ती पुन्हा पुसून टाकतो.

(५) शास्त्रांच्या परिभाषेत : ‘ताण’ की ‘दाब’?

इंग्रजी ‘टेन्शन’ला मराठी परिभाषेत एकच प्रतिशब्द मिळालेला नाही, ही गोष्ट उद्बोधक आहे. पदार्थविज्ञानात दोरीतील ओढ म्हणजे ‘ताण’, द्रवाच्या पृष्ठभागावरील तो ‘पृष्ठताण’. परंतु विजेच्या क्षेत्रात इंग्रजीत ज्याला ‘हाय टेन्शन’ म्हणतात, ते मराठीत ‘उच्चदाब’ होते. अँपिअरने १८२० साली विद्युत् प्रवाहाहून वेगळा असा विद्युत् ‘ताण’ कल्पिला. फ्रेंच भाषेत आजही विद्युत्‌दाबाला ‘ताण’ या अर्थाचाच शब्द आहे. मराठी परिभाषाकारांनी ओढीची कल्पना सोडून दाबाची कल्पना घेतली. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रातून १९८३ पासून वीजनिर्मिती होत आहे, आणि चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी सुमारे ७५२ किलोमीटर लांबीची ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी याच जिल्ह्यातून निघते. कार्यालयीन कागदांत ती ‘अतिउच्चदाब वाहिनी’ असली, तरी जिच्या मनोऱ्याखाली धानाची बांधी आहे तो शेतकरी तिला ‘हाय टेन्शनची लाइन’च म्हणतो.

वैद्यकातही हेच घडले. ‘हायपरटेन्शन’ला मराठीने ‘उच्च रक्तदाब’ म्हटले, आणि या निवडीचा लाभ मोठा आहे. इंग्रजी शब्दातील ‘टेन्शन’ म्हणजे रक्तवाहिन्यांतील दाब. मनाच्या टेन्शनशी त्याचा शब्दार्थाने संबंध नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांचा या नावाने गोंधळ होतो. अमेरिकेतील सिएटल येथील रुग्णांविषयी डॅन ब्लमहेगन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, अनेक रुग्ण या रोगाच्या नावाची फोड करून ‘अतिशय मानसिक ताण’ असाच त्याचा अर्थ लावीत होते. अशी समजूत निरुपद्रवी नसते. मन शांत आहे, तेव्हा रोगही नाही, असे मानून गोळी बंद करण्याचा धोका तिच्यात असतो. कारण रक्तदाब वाढलेला असूनही माणसास कित्येकदा काहीच जाणवत नाही. ‘रक्तदाब’ हा शब्द या भ्रमास जागा देत नाही. परंतु खेड्यापाड्यांत तो शब्द न पोचता ‘बी. पी.’ व ‘टेन्शन’ हे दोन शब्द पोचले आणि ‘टेन्शनने बी. पी. वाढला’ या एका वाक्यात ते पुन्हा एकमेकांस बांधले गेले.

मनाच्या संदर्भातील ‘ताण’ही बाहेरून आलेल्या कल्पनेचे भाषांतर आहे. हान्स सेली यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात, निरनिराळ्या अपायकारक कारणांनी शरीरात उठणाऱ्या एकाच प्रकारच्या प्रतिक्रियेचे वर्णन केले; पुढे त्यांनी तिला ‘स्ट्रेस’ हे नाव रूढ केले. स्थापत्य व यंत्रशास्त्रात ‘स्ट्रेस’ला मराठीत ‘प्रतिबल’ म्हणतात, मानसशास्त्रात मात्र ‘ताण’. म्हणजे एका बाजूस इंग्रजीतील एक ‘टेन्शन’ मराठीत ‘ताण’, ‘दाब’ व ‘तणाव’ असा तीन ठिकाणी विभागला गेला, आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजीतील ‘टेन्शन’ व ‘स्ट्रेस’ हे दोन शब्द मराठीतील एका ‘ताण’मध्ये येऊन बसले.

(६) झाडीबोलीतील ‘तान’

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या मराठीस ‘झाडीबोली’ म्हणतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासासाठी मोठे परिश्रम घेतले. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी-नागपुरी बोलींचे जे वर्णन आहे, त्यातील एक ठळक विशेष येथेही आढळतो : ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘कोण’ हे ‘कोन’ होते. याच न्यायाने ‘ताण’ हा ‘तान’ होतो. प्राकृत काळात ‘न’चा झालेला ‘ण’ येथे पुन्हा ‘न’ झाला आणि तद्भव व तत्सम ही जोडी उच्चारापुरती एक झाली.

परंतु त्या जागी आधीच दुसरा शब्द बसलेला आहे. संस्कृत ‘तृष्णा’, प्राकृत ‘तण्हा’, मराठी ‘तहान’. ग्रामीण बोलण्यात तिचे रूप ‘तान’ असे होते. प्रमाण मराठीतील ‘तान्हेला’ या शब्दात तिचा जुना अवशेष आहेच. शेजारीच ‘तान्हा’ म्हणजे अंगावर पिणारे मूल, हा संस्कृत ‘तर्ण’ म्हणजे वासरू या शब्दाकडून आलेला तिसरा शब्द उभा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन निघतात तो विदर्भातील ‘तान्हा पोळा’ सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा रीतीने ताण, तान व तहान या तीन शब्दांचा एकच उच्चार झाला.

समानोच्चारी शब्द प्रत्येक भाषेत असतात व व्यवहार अडत नाही. कारण ऐकणारा केवळ नाम ऐकत नाही. तो त्याचे क्रियापद व लिंगही ऐकतो. ‘तान लागली’ म्हणजे तहान. ‘तान पडला’ म्हणजे ताण. ‘तान घेतली’ म्हणजे झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील गायकाने घेतलेली स्वरांची लड. येथे आणखी एक बारकावा आहे. विदर्भातील बोलींत वर्तमानकाळी ‘तो जातो’ऐवजी ‘तो जाते’ असे म्हणतात, म्हणजे पुल्लिंग व स्त्रीलिंग यांचा भेद त्या रूपात मावळतो. ‘तान लागते’ व ‘तान पडते’ यांत लिंगाची खूण उरत नाही. अर्थनिर्णयाचा सर्व भार एकट्या धातूवर येतो. आता आरंभीचा प्रश्न पुन्हा पाहावा : “तुम्हाला ताण आहे का?” यात ‘आहे’ हे क्रियापद योजल्याने लिंगाची खूणही गेली आणि ‘लागणे-पडणे’ हा भेदही गेला. ऐकणारीच्या हाती उरला तो केवळ उच्चार. प्रश्नाचा दोष शब्दात नसून वाक्यरचनेत आहे.

शेतीच्या व्यवहारात मात्र हे दोन शब्द एकमेकांत मिसळूनही अर्थ बिघडत नाही. रोवणीनंतर पावसाने ओढ दिली की कृषी-पत्रिका लिहितात, ‘धानपिकाला पाण्याचा ताण पडला’. बोलीत तो ‘पान्याचा तान’ होतो. आणि पाण्याचा ताण म्हणजे पिकाची तहानच. नागपूरकडील संत्र्याच्या बागांत बहार धरण्यासाठी काही काळ पाणी तोडतात, त्यास ‘बागेला ताण देणे’ म्हणतात. झाडाला मुद्दाम तहानलेले ठेवून फुलावर आणण्याची ही रीत. येथे ताण हा रोग नसून उपाय आहे. मात्र त्याचे प्रमाण व मुदत सांभाळावी लागते.

(७) ‘टेन्शन’ : पडणारे की घेतले जाणारे?

‘ताण’ हा शब्द अशा रीतीने अडचणीत आलेला असताना ‘टेन्शन’ला वाट मोकळी मिळाली. ‘टेन्शन’चा उच्चार दुसऱ्या कशाशी मिसळत नाही, म्हणून ज्या घरात ‘ताण’ अपरिचित आहे, तेथेही ‘टेन्शन’ सर्वांना कळते. परंतु उसना शब्द एकटा येत नाही, तो आपली क्रियापदे निवडतो. ‘ताण’ मुख्यतः ‘पडतो’ किंवा ‘येतो’. या क्रियापदांत कारण बाहेरचे आहे. माणूस सोसणारा आहे. ‘टेन्शन’ही ‘येते’, पण त्याहून अधिक ते ‘घेतले’ जाते व ‘दिले’ जाते. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य सांत्वनासाठी उच्चारले जाते. तथापि त्याच्या रचनेत एक न्यायनिवाडा दडलेला आहे : जे घेतले ते नाकारता आले असते, तेव्हा दोष घेणाऱ्याचा.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचावयास जाणारी, अथवा एप्रिल-मे महिन्यांत तेंदूची पाने तोडावयास जाणारी बाई रात्री झोपत नसेल, तर तिच्या अस्वस्थतेचे कारण तिच्या मनात नसून झुडपाआड आहे. ती ‘टेन्शन घेत’ नाही. तिच्यावर ताण पडलेला आहे. उपचार करणाराने ‘घेऊ नका’ म्हटले की कारणाचा प्रश्न तेथेच मिटतो. ‘कशाचा ताण पडतो?’ असे विचारले तर तो उघडतो. अलीकडे ‘ताण घेऊ नका’ असेही लिहिले जाते. ते ‘टेन्शन’च्या वळणावर घातलेले मराठी होय; त्याने शब्द घरचा ठेवला, परंतु दृष्टी उसनी घेतली.

(८) शेजारच्या भाषा

या प्रदेशात मराठी एकटी नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आहे. गोंडी व माडिया या द्राविड कुळातील भाषा तेथे घरोघरी बोलल्या जातात आणि दक्षिणेस सिरोंचाकडे तेलुगू ऐकू येते. तेलुगूत मनाच्या ताणास ‘ओत्तिडि’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ दाब. म्हणजे गोदावरीच्या अलीकडे जे दुःख ताणलेल्या दोरीचे रूप घेते, तेच पलीकडे छातीवरील ओझ्याचे रूप घेते. मराठीने विजेसाठी व रक्तासाठी जी ‘दाबा’ची प्रतिमा घेतली, ती तेलुगूने मनासाठी घेतली आहे. दुःखाला अमुकच एक प्रतिमा लागते असे नाही. मात्र ज्या भाषेची जी प्रतिमा असेल तिच्यातूनच ते बोलते. ‘ताण’चे शब्दशः भाषांतर करून तयार केलेली प्रश्नावली द्राविड भाषकापुढे ठेवल्यास, आरंभी वर्णिलेल्या प्रसंगाचीच पुनरावृत्ती निराळ्या रूपाने होईल.

(९) समारोप

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ‘ताण’ हा अनेकार्थी शब्द असला तरी त्याचे अर्थ विस्कळीत नाहीत. मागावरील धाग्यापासून मनापर्यंत ‘ओढीखाली धरलेले, तुटू शकणारे’ ही एकच कल्पना त्यांतून ओवलेली आहे. दुसरी, त्याचा अर्थ ठरविण्याचे काम नामापेक्षा क्रियापद अधिक करते. तिसरी, जो भेद प्रमाण मराठीत ‘न’ व ‘ण’ यांच्यावर टेकलेला आहे, तो झाडीबोलीत त्यांच्यावर टेकू शकत नाही. त्यास दुसरा आधार द्यावा लागतो.

म्हणून ज्यांना या भागातील माणसांचे दुखणे विचारावयाचे आहे त्यांनी नामाने न विचारता क्रियापदांनी विचारावे. ‘ताण आहे का?’ याऐवजी ‘रात्री झोप लागते का? जीव घाबरा होतो का? कामात मन लागते का?’ असे विचारले, तर उत्तर मिळेल. झाडीबोलीतील ‘इचार’ हा शब्दही या कामी उपयोगी आहे. प्रमाण मराठीतील ‘विचार’ बुद्धीचा व्यापार दर्शवितो. बोलीतील ‘इचार’ त्याबरोबरच काळजीही दर्शवितो. जी बाई ‘लय इचार येते’ म्हणते, तिने प्रश्नावलीतील ‘ताण’ या रकान्याचे उत्तर दिलेलेच असते. तो रकाना भरणाऱ्यास ते ओळखता आले पाहिजे. आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो घ्यावा, पाणी प्यावे व प्रश्न पुन्हा, तिच्या क्रियापदांत, विचारावा.